जुना 35 एचपी ट्रॅक्टर, आठ महिने वापरला, आणि सकाळी न उठायची त्याची खोड

मागच्या जुलैत 1997 चा तीन सिलेंडरवाला ट्रॅक्टर घेतला, सेकंडहँड म्हणायचं पण खरं तर मी त्याचा चौथा मालक. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नायतर निम्मे लोक "आमचा असं करत नाही" म्हणून भांडत बसतील, आणि त्या काळातल्या कुठल्याही ट्रॅक्टरला हे लागू आहे. निफाड तालुक्यात दोन एकर द्राक्षबाग, काम मुख्य म्हणजे ब्लोअर (फवारणीचं यंत्र), बाकी ट्रॉली आणि थोडंफार रोटर.

पावसाळाभर काहीच तक्रार नाही. हाफ सेल्फला (सेल्फ म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, ती जरा मारली की) उठायचा, डिझेल बेताचं, हायड्रॉलिक थोडं सावकाश उचलतं पण उचलतं. मी गावभर सांगत सुटलो की एवढ्या पैशात असा मिळत नाही. मग नोव्हेंबर लागला. आमच्याकडं थंडी म्हणजे काय ते निफाडवाल्यांना सांगायला नको, पारा सहा-सातवर येतो, आणि नेमकं ढगाळ होऊन गेलं की डाऊनी रोगाच्या भीतीनं पहाटेच फवारणी काढायची असते. अशा वेळी सेल्फ मारला की घुर्रर्र... घुर्र... आणि मागं पांढरा धूर, बस.

पहिला आठवडा जे सगळे करतात तेच केलं, म्हणजे शेजारच्याचा ट्रॅक्टर आणून दोर लावून ओढला. त्याला तरी रोज कसं बोलवणार, त्याचीपण बाग आहे. एकानं सल्ला दिला की एअर क्लीनरच्या तोंडाशी चिंधी पेटवून धर. ते काही केलं नाही आणि तुम्हीपण करू नका. आणि पाना लावून सेल्फ डायरेक्ट शॉर्ट करायची सवय असेल तर ती आधी सोडा, गिअरमध्ये राहिला असला तर ट्रॅक्टर सरळ अंगावर येतो.

मेस्त्री आला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला डिझेल पंप गेलाय, पंप आणि सिलेंडरमध्ये डिझेल मारणारे नोझल, सगळं खोलावं लागेल, सोळा हजार धरा. तेवढे पैसे तेव्हा नव्हतेच म्हणून थांबलो, हुशारी वगैरे काही नाही. घरात व्होल्ट मोजायचा मीटर होता तो घेऊन बसलो. सेल्फ न मारता बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे फुल. सेल्फ मारताना बॅटरीच्या टर्मिनलवर 10.8, हेपण ठीक. पण सेल्फच्या बोल्टला आणि सेल्फच्याच बॉडीला मीटर लावला तर सव्वाआठ! मग अडीच व्होल्ट गेले कुठं? मायनस टर्मिनल ते इंजिनची बॉडी असं लावून पोराला सेल्फ मारायला लावला तर तिथंच दीड व्होल्टच्या वर खाल्ले जात होते, अर्ध्याच्या आत पाहिजेत. अर्थिंगची पट्टी सोडवली तर खाली चकचकीत निळा रंग. विकायच्या आधी ट्रॅक्टर रंगवला होता ना, ते पट्टी काढून बॉडीवर रंग मारून वरून परत बोल्ट आवळलेला. त्याच रंगाला भुलून आपण दहा हजार जास्त दिले होते हे तेव्हा आठवलं. पॉलिश पेपरनं लोखंड उघडं केलं, प्लसची केबल जाड टाकली, आणि सेल्फ असा फिरायला लागला की विचारू नका. डिझेल इंजिनला ठिणगी पाडणारा प्लग नसतो, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच ते पेटतं, इंजिन सावकाश फिरलं की ती उष्णता गार सिलेंडरमध्येच जिरते. पांढरा धूर म्हणजे डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही, एवढं तरी लक्षात ठेवा.

वाटलं सुटलो. बारा-तेरा दिवस झाले आणि परत बंद. या वेळी सेल्फ जोरात, पण सायलेन्सरमधून धूरच नाही, ना पांढरा ना काळा. म्हणजे डिझेलच पोचत नाही. आधी इंजिन बंद करायच्या स्टॉपरची केबल बघितली, कधीकधी ती ओढलेलीच अडकते आणि आपण उगाच सेल्फ जाळत बसतो. ती बरोबर होती. मग डिझेलच्या लाईनीतली हवा काढली: डिझेल फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहायचं, फेस जाऊन सलग डिझेल आलं की आवळायचा, मग पंपावरचा तसाच, आणि शेवटी नोझलच्या दोन पाईपांचे नट ढिले करून सेल्फ (दहा-पंधरा सेकंद, मग मिनिटभर थांबायचं). त्या नटांजवळ हात न्यायचा नाही, नोझलच्या लाईनमधलं डिझेल प्रेशरनं कातडीत घुसतं. झाला चालू. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच.

असे चार दिवस रोज हवा काढली. मग एक गोष्ट ध्यानात आली, टाकी फुल असली की उठतो, अर्ध्याच्या खाली गेली की नाही. म्हणून टाकीची लाईन सोडवून एक स्वच्छ कॅन बॉनेटच्या वर टांगली आणि त्यातून डिझेल दिलं, तर दोन दिवस सकाळी हाफ सेल्फला चालू. म्हणजे पंप ठणठणीत, गडबड टाकी ते फीडपंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) एवढ्यातच. या बाजूला डिझेल ओढलं जातं, त्यामुळं गळती बाहेर दिसतेच असं नाही, हवाच आत शिरते. टाकीची जाळी चिखलानं निम्मी बंद होती त्यामुळं फीडपंप जास्तच ओढत होता, आणि बँजो बोल्टचे (पाईप जोडायचे पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर चपटे होऊन गेलेले. वायसर बदलले, जाळी धुतली, आणि तो काळा रबरी पाईप काढून पारदर्शक डिझेल पाईप टाकला, सगळं मिळून तीनशेच्या आत. त्या मेस्त्रीचा राग नाही, त्यानं कॅन टांगून बघायला पाहिजे होतं एवढंच.

तेव्हापासून जानेवारी-फेब्रुवारीच्या थंडीत दोनदाच रुसला, दोन्ही वेळा डिझेल फिल्टर. कापडी आणि कागदी दोन्ही एकदम बदला आणि टाकीच्या झाकणाचं बारीक भोक उघडं आहे का बघा.

घ्यावा का असं विचाराल तर, घरी दुसरा ट्रॅक्टर असेल किंवा पाने धरायची आवड असेल तर बिनधास्त. एकच ट्रॅक्टर आणि त्यावर सगळी फवारणी असेल तर नको, फवारणीचा एक दिवस चुकला तर ट्रॅक्टर स्वस्तात मिळाल्याचा फायदा तिथंच संपतो. घ्यायला जाल तेव्हा सकाळी न सांगता जा आणि इंजिनला हात लावून बघा, गरम लागलं तर विकणाऱ्यानं आधीच चालू करून ठेवलाय.

काल त्या पारदर्शक पाईपात परत एक बुडबुडा सरकताना दिसला. टाकीचा कॉक असणार, रविवारी खोलतो.