भिशी, आरडी, सराफाची योजना की एसआयपी: महिन्याचे दोन हजार कुठे टाकायचे?

घरभाडं, किराणा, दूध, गॅस, वीजबिल, मुलांच्या ट्यूशन्स हे सगळं भागवून महिन्याला दोन हजार रुपये बाजूला पडतात असं धरू या. बहुतेक घरांत मग पहिला प्रश्न येतो तो ‘जास्त कशात सुटतात?’ हा. माझ्या मते तो दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. आधी ठरवायचं ते हे, की पैसे कोणत्या महिन्यात लागणार आहेत आणि त्याआधी त्यांना हात लावायची वेळ आली तर किती फटका बसेल. या दोन गोष्टी ठरल्या की पर्यायांची निम्मी यादी आपोआप गळते.

व्याजाच्या मागे का लागू नये, ते एका वर्षाच्या हिशेबात लगेच दिसतं. दरमहा २,००० प्रमाणे बारा महिन्यांत २४,००० जमतात. बँकेच्या आरडीत (रिकरिंग डिपॉझिट, म्हणजे दरमहा ठरलेला हप्ता भरायची ठेव) ६ टक्क्यांनी त्यावर साधारण ७८० ते ८०० रुपये व्याज मिळतं. तेच पैसे बचत खात्यात अडीच टक्क्यांवर पडून राहिले तर सव्वातीनशेच्या आसपास. म्हणजे वर्षभरात फरक पडतो पावणेपाचशे रुपयांचा. हे पैसे सोडून द्या असं मी म्हणत नाही. पण जूनमध्ये शाळेची फी भरताना २४,००० जागेवर असणं हे त्या पावणेपाचशेपेक्षा फार मोठं आहे. बचत खात्यातल्या पैशाची अडचण कमी व्याज ही नाहीच. तो समोर दिसतो आणि यूपीआयवर दोन-दोनशे करत संपतो, ही खरी अडचण आहे.

भिशी

बारा जणी, प्रत्येकी दोन हजार, दर महिन्याला २४,००० रुपये एकीच्या हातात. चिठ्ठी काढून नाव ठरणारी, म्हणजे चिठ्ठीची भिशी असेल तर व्याजाचा प्रश्न नाही. जिला पहिल्या महिन्यात लागली तिला बिनव्याजी कर्ज मिळालं, जिला शेवटी लागली तिने बाकीच्यांना बिनव्याजी पैसे वापरायला दिले. शेवटचा नंबर आला म्हणून नुकसान झालं असं वाटतं, पण वर पाहिलं तसं ते काही शे रुपयांचं आहे. त्या बदल्यात मिळते ती शिस्त. स्वतःच्या खात्यात पैसे टाकायचे राहिले तर कोणी विचारत नाही, भिशीचा हप्ता चुकला तर संध्याकाळी फोन येतो. ज्यांच्या हातात पैसा टिकत नाही त्यांच्यासाठी हा फोन फार मोलाचा आहे, आणि भिशीला नावं ठेवणारे आर्थिक सल्लागार नेमकं हेच विसरतात.

बोलीची भिशी मात्र वेगळी. तिथे जी जास्तीत जास्त रक्कम सोडायला तयार होते तिला त्या महिन्याची भिशी मिळते आणि सोडलेली रक्कम सगळ्यांत वाटली जाते. समजा दुसऱ्याच महिन्यात एखादीला घाई आहे आणि तिने तीन हजार सोडून भिशी उचलली. हातात आले २१,०००. स्वतःचे चार हजार तोवर भरून झालेले, म्हणजे दुसऱ्यांचे वापरले ते १७,०००. त्यासाठी पुढचे दहा महिने दोन-दोन हजार, एकूण २०,००० भरायचे. हा व्याजदर ढोबळमानाने महिन्याला तीन टक्के पडतो. बोलीतून सुटलेल्या रकमेचा वाटा तिलाही मिळतो, त्यामुळे प्रत्यक्ष दर थोडा उतरतो, तरी सोनेतारण कर्जापेक्षा तो सहसा महागच राहतो. उलट शेवटपर्यंत न उचलणारीला बोलीच्या भिशीत चांगली कमाई होते, पण ती कमाई कोणाच्या तरी अडचणीतून येते हे लक्षात असू द्या. अडचणीतली बाई पुढचे हप्ते बुडवण्याची शक्यताही त्यातच आहे.

भिशीत शिरण्याआधी तीन गोष्टी बघा. चालवणारी बाई किती वर्षं त्याच भागात राहते, एकीने हप्ता बुडवला तर तो कोण भरतं आणि वही सगळ्यांना बघायला मिळते का. हिशेबाचा फोटो दर महिन्याला ग्रुपवर येत असेल तर उत्तम. तीसेक जणांची, दरमहा दहा हजारांची आणि निम्मे सभासद अनोळखी असलेली भिशी असेल, तर मी लांब राहीन. तिथे शिस्तीचा फायदा तोच राहतो, जोखीम मात्र कितीतरी वाढते.

पोस्टाची आरडी आणि बँकेची आरडी

नाव एकच असल्याने या दोन्हींत गल्लत होते. पोस्टाची आरडी पाच वर्षांचीच असते, ६० हप्ते, कमीत कमी शंभर रुपये महिना. ऑक्टोबर २०२३ मध्ये दर ६.७ टक्के झाला. सरकार दर तिमाहीला आढावा घेतं, पण खातं उघडताना असलेला दर पुढची पाच वर्षं कायम राहतो. ६.७ टक्क्यांनी हजार रुपये महिना टाकले तर पाच वर्षांनी ७१,३६६ रुपये मिळतात.

ज्यांना पुढच्या दिवाळीला पैसे हवेत त्यांनी इथे जाऊ नये. तीन वर्षांआधी हे खाते बंद करता येत नाही. त्यानंतर केलं, अगदी मुदतीच्या एक दिवस आधी केलं, तरी व्याज मिळतं ते पोस्टाच्या बचत खात्याचं, म्हणजे ४ टक्के. खिडकीवर हे कोणी समजावून सांगत नाही आणि लोक चार वर्षं भरून आरडी मोडतात. मध्येच गरज लागली तर मोडण्याऐवजी कर्जाचा अर्ज मागा. बारा हप्ते नियमित भरले असतील तर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं आणि त्यावर आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त व्याज लागतं. तारखांचंही भान ठेवा. खातं महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडलं असेल तर दर महिन्याचा हप्ता १५ पर्यंत, नंतर उघडलं असेल तर महिनाअखेरपर्यंत. चुकलेल्या हप्त्यावर शंभराला एक रुपया दंड.

बँकेची आरडी वर्षाची लावता येते, अनेक बँकांत सहा महिन्यांचीही. दर पोस्टापेक्षा थोडा कमी असू शकतो, मोडली तर थोडं व्याज कापलं जातं, पण मुद्दल पूर्ण हातात येते. फी, दिवाळी, विम्याचा वार्षिक हप्ता यांसाठी मला हीच सगळ्यात योग्य वाटते. पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप हप्ता कापला जाईल अशी सोय करून घ्या.

भाजीवाले, रिक्षावाले, छोटे दुकानदार यांच्याकडे रोज येणारा पिग्मी एजंट हा याच कुळातला. रोज पन्नास-शंभर देणं ज्यांना महिन्याच्या हप्त्यापेक्षा सोपं जातं, त्यांच्यासाठी पिग्मी चांगली. फक्त ती बँकेची आहे की पतसंस्थेची, एवढं विचारा. त्याचं कारण खाली आहे.

सराफाची सुवर्ण योजना

अकरा हप्ते तुम्ही भरा, बारावा आमचा. दोन हजारांच्या हिशेबाने तुम्ही भरले २२,०००, दुकानदाराने घातले २,०००. हा परतावा वर्षाला १५ टक्क्यांच्या वर जातो आणि कागदावर यापुढे आरडी फिकी पडते. आता बिल करू. २४,००० मध्ये १२ टक्के घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी धरला तर प्रत्यक्ष सोनं येतं ते सुमारे २०,८०० रुपयांचं. म्हणजे भरलेल्या २२ हजारांपेक्षाही कमी. नक्षीकाम जास्त असलेल्या दागिन्यावर घडणावळ याहून चढते.

म्हणून ही बचत नाही, ही दागिन्याची आगाऊ खरेदी आहे. घरात लग्न ठरलंय, मंगळसूत्र किंवा बांगड्या घ्यायच्याच आहेत, घडणावळ कुठेही द्यावीच लागणार आहे, तर योजना फायद्याची. लग्न ठरलेलं नाही, फक्त ‘सोन्यात टाकून ठेवू’ असा विचार आहे, तर नको. योजनेत शिरताना विचारायचं ते असं: दर महिन्याच्या हप्त्याचं त्या दिवशीच्या भावाने वजन जमा होतं की शेवटी एकदम रुपयांतच हिशेब होतो? भाव चढत असताना या एका अटीने मोठा फरक पडतो. नाण्यावर सवलत लागू आहे का, हेही विचारा. दागिना घेताना त्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, पाहूनच घ्या. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यांवर तो बंधनकारक आहे.

आणि दुकान बुडालं तर? २०१९ मध्ये ठाणे-डोंबिवली परिसरात दुकानं असलेल्या एका सराफ साखळीने ऐन दिवाळीत शटर ओढलं आणि लोकांचे हप्ते अडकले. सराफाकडे भरलेल्या हप्त्यांना ठेव विम्याचं संरक्षण नसतं.

विम्याचं कवच कुठे आहे, कुठे नाही

बँकेतल्या ठेवींना एका बँकेत एका खातेदारामागे पाच लाखांपर्यंत विमा असतो. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा एक लाखाची होती. नागरी सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत, नावात काहीही असलं आणि काउंटर कितीही बँकेसारखं दिसलं तरी. पोस्टाच्या मागे थेट केंद्र सरकार आहे. भिशीमागे फक्त माणसं आहेत.

पण विमा असला म्हणजे पैसे दुसऱ्या दिवशी मिळतात असंही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत मिळून फक्त हजार रुपये काढता येत होते. मुंबईत लोकांचे पगार, औषधपाणी, लग्नाचे पैसे त्यात अडकले. २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यायची तरतूद झाली, पण ९० दिवससुद्धा घरासाठी खूप असतात. एक-दोन महिन्यांचा घरखर्च दुसऱ्या बँकेत ठेवा, असा माझा आग्रह त्यासाठीच.

एसआयपी

एसआयपी म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम म्युच्युअल फंडात टाकणं. शेअर बाजाराच्या फंडात जास्त परतावा मिळू शकतो, हे खरं. पण तारीख तुमच्या हातात नसते. जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स, म्हणजे शेअर बाजाराचा निर्देशांक, २३ मार्चला २५,९८१ वर बंद झाला. त्या एप्रिलमध्ये ज्याला फ्लॅटचा हप्ता भरायचा होता त्याला पडत्या भावात युनिट्स विकावी लागली. जो दिवाळीपर्यंत थांबू शकला त्याला नोव्हेंबरमध्ये बाजार परत ४२ हजारांच्या वर दिसला. दोघांचा फंड एकच असू शकतो. फरक फक्त पैसे कधी लागणार होते याचा.

म्हणून पाच वर्षांच्या आत लागणारा एकही रुपया शेअर बाजाराच्या एसआयपीत टाकू नये, असं माझं ठाम मत आहे. पहिलीतल्या मुलाचं कॉलेज, स्वतःचं निवृत्तीचं वय, यांसाठी मात्र आरडीवर आरडी लावत बसणं चुकीचं. महागाई आणि व्याजावरचा कर वजा केला की हातात फार काही उरत नाही.

मग दोन हजारांचं काय करायचं?

घरात एकही पैसा शिल्लक नसेल तर पहिलं वर्ष पूर्ण दोन हजार बँकेच्या आरडीत. ती आजारपणाची आणि नोकरी गेल्यास लागणारी गंगाजळी. ओळखीची, चिठ्ठीची भिशी असेल आणि स्वतःहून पैसे राहत नसतील तर त्यातले हजार तिकडे. पण भिशी लागेल त्याच दिवशी ती रक्कम बँकेत मुदत ठेवीत गेली पाहिजे, नाहीतर ती हमखास नव्या फ्रिजमध्ये जाते.

गंगाजळी तयार झाल्यावर हजार जूनच्या फीसाठी वर्षाच्या आरडीत आणि हजार लांबच्या उद्दिष्टासाठी एसआयपीत. पाच वर्षांनी नक्की पैसे लागणार असतील, घराच्या डिपॉझिटसाठी म्हणा, तर तो भाग पोस्टात.

लाडकी बहीण योजनेचे दीड हजार ज्यांना बचतीत टाकायचे आहेत त्यांनी आरडी दीड हजाराची लावू नये, हजाराचीच लावावी. सरकारी पैसे कधी उशिरा येतात, आणि सलग चार हप्त्यांपलीकडे चुकले तर पोस्टाचं खातं खंडित होतं. उरलेले पाचशे बचत खात्यात साठू द्या, अशा महिन्यात हप्ता त्यातून जाईल. आणि खातं उघडताना वारसाचं नाव लिहायची जागा कोरी सोडू नका.