आठ महिने, २२ लिनक्स मशिनं आणि एक एलडॅप सर्व्हर

शिरोली एमआयडीसीत आमचा कास्टिंग-मशिनिंगचा कारखाना आहे. डिझाइन विभागातली २२ उबुंटू मशिनं आणि सामायिक ड्रॉइंग ठेवायचं एक फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच युनिक्स घराण्यातली सिस्टीम) मशीन मी गेल्या जूनमध्ये ओपनएलडॅप सर्व्हरला जोडलं. म्हणजे सगळ्यांची खाती आणि पासवर्ड एकाच मध्यवर्ती यादीत, डिरेक्टरीत, आणि प्रत्येक मशीन तिथं विचारून लॉगिन देतं. एक अख्खा पावसाळा त्यावर निघाला, म्हणून आता लिहितोय.

आधी प्रत्येक मशिनवर वेगळं खातं असायचं. त्रास फक्त पासवर्डचा असता तर मी या वाटेला गेलोच नसतो. खरा घोळ आकड्यांचा होता. युनिक्सला फाइलचा मालक नावानं नाही, यूआयडीनं (खात्याच्या क्रमांकानं) कळतो, आणि उबुंटू खाती १००० पासून क्रमानं देत जातं. त्यामुळं एका मशिनवर १००१ म्हणजे पॅटर्नचा माणूस, तर शेजारच्या मशिनवर १००१ म्हणजे टूलिंगचा. एनएफएसवरच्या (नेटवर्कवरून फाइली वाटून देणारी सोय) सामायिक डिस्कवर दोघंही एकमेकांची ड्रॉइंग पुसू शकत होते, आणि एकदा तसं झालंच. त्या दिवशी ठरवलं.

सगळ्यांना १०००० च्या पुढचे नवे आकडे दिले. स्थानिक फाइलींची मालकी बदलायला फाइंड (फाइली शोधणारी) आणि चाउन (मालक बदलणारी) या कमांड पुरल्या. सामायिक डिस्कवर मात्र १००१ च्या फाइली दोघांच्या मिसळलेल्या होत्या. नेमकी कुणाची कुठली हे कुठलीच कमांड सांगू शकत नव्हती. दोघांना शेजारी बसवून फोल्डरमागून फोल्डर वाटून घेतले. सगळ्या कामातला सर्वांत जास्त वेळ इथंच गेला. तुम्ही करणार असाल तर जोडणीआधी हे उरका.

क्लायंटवर, म्हणजे डिझाइनच्या उबुंटू मशिनांवर, एसएसएसडी हा सर्व्हरला विचारून लॉगिन तपासणारा प्रोग्राम घातला. ते उघड्या जोडणीवरून पासवर्ड तपासायला नकार देतं, म्हणून सर्व्हरची ओळख पटवणारं आमचं स्वतःचं सर्टिफिकेट बनवून प्रत्येक मशिनवर ठेवलं आणि ३८९ पोर्टवर स्टार्टटीएलएस (जोडणी कूटबद्ध करणारी सोय) चालू केलं. कॉन्फिग फाइलची परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) केली. गेटेंट पासडब्ल्यूडी ही खाती दाखवणारी कमांड नुसती चालवली तर डिरेक्टरीतली नावं दिसत नाहीत. पहिल्या दिवशी मला जोडणीच झाली नाही असं वाटलं होतं. विशिष्ट नाव देऊन विचारलं की लगेच उत्तर येतं.

जुलैत लाइटचा खेळ सुरू झाला आणि एका रात्री सर्व्हरचा यूपीएस बसला. सकाळची पाळी तरीही बिनघोर कामाला लागली, कारण कॅशे-क्रेडेन्शियल्स (पासवर्डची खूण मशिनवरच जपून ठेवणारं सेटिंग) मी हातानं चालू केलं होतं. मुळात ते बंद असतं. कॅशेचा पासवर्ड त्याच मशिनवर आधी एकदा लॉगिन केलेल्यालाच चालतो. शिवाय ऑफलाइन पासवर्डला मुळात मुदत नसते, म्हणजे काम सोडून गेलेला माणूस सर्व्हरशी जोडणी तुटलेल्या मशिनवर कितीही दिवस शिरू शकतो. मी तीन दिवसांची मुदत घातली.

ऑगस्टमधला एक प्रकार कायम लक्षात राहील. पॅटर्न शॉपमधला नवा मुलगा आला, म्हणाला, "सायेब, माझा पासवर्ड घेईना झालाय." त्याच मशिनवर जुनी माणसं मात्र सुखानं शिरत होती. सर्व्हर, खातं, पासवर्ड सगळं तपासून झालं. शेवटी लॉग उघडला, तर सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही असा शेरा! मदरबोर्डावरचा सेल मेला होता, लाइट गेल्यावर मशिनची तारीख कित्येक वर्षं मागं गेली होती. टीएलएस जुळेना, एसएसएसडी ऑफलाइन गेलं आणि जुने लोक कॅशेवर चालत राहिले. नवा सेल टाकला, सगळीकडं क्रोनी (घड्याळ नेटवर्कवरून जुळवणारा प्रोग्राम) बसवलं, आणि घड्याळात मोठा फरक असला तरी सुरू होताना एकदम दुरुस्त करायला सांगितलं.

फ्रीबीएसडीवर एनएसएलसीडी (एसएसएसडीसारखंच काम करणारा प्रोग्राम) वापरलं. तिथं लॉगिन होईना, कारण डिरेक्टरीत शेल (लॉगिननंतर कमांड घेणारा प्रोग्राम) म्हणून बिन-बॅश लिहिलेलं आणि त्या मशिनवर बॅश युझर-लोकलखाली. कॉन्फिगमध्ये शेल बदलायची एक ओळ घातली आणि प्रश्न मिटला.

नवा माणूस आला की आता एकाच ठिकाणी नोंद, आणि तो कुठल्याही मशिनवर बसू शकतो. प्रत्येक मशिनवर एक स्थानिक प्रशासक खातं मी मुद्दाम ठेवलंय, पासवर्ड बंद पाकिटात कपाटात आहे. सर्व्हर मात्र अजून एकच आहे, ही माझी उणीव. दुसऱ्यासाठी जुनं मशीन बाजूला काढलंय. क्लायंटवर एलडॅप-यूआरआयच्या (सर्व्हरच्या पत्त्याच्या) ओळीत स्वल्पविराम देऊन त्याचं नाव घातलं की पहिला पडला तर एसएसएसडी आपणहून दुसऱ्याकडं जातं.