वाटाघाटी उघड्यावर की बंद दाराआड? निपाणीच्या तंबाखूवाल्यांनी काय मागावं

तंबाखू नियंत्रणासारख्या आंतरराष्ट्रीय करारावर निवेदन लिहायला बसलं की 'सर्व वाटाघाटी जनतेसमोर झाल्या पाहिजेत' ही ओळ आपसूक कागदावर येते. खासदारांच्या हातात ते देण्याआधी दोन्ही बाजू तोलून पाहिलेल्या बऱ्या.

गुप्ततेची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. सप्टेंबर १९७८ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन अमेरिकी अध्यक्षांच्या कॅम्प डेव्हिड या विश्रामस्थळी १३ दिवस बोलणी करत होते आणि पत्रकार कुंपणाबाहेर. इजिप्तकडून जिंकलेल्या सिनाईतल्या इस्रायली वसाहती हटवायला बेगिन शेवटी राजी झाले. तीच बोलणी रोज पेपरात आली असती तर घरच्यांनी त्यांना हलूही दिलं नसतं. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. इथं दोन राज्यांचे मंत्री भेटणार म्हटलं की एसटीला काळं फासणारे आधी तयार असतात. कॅमेऱ्यासमोर एक गाव तरी कोण सोडेल?

मात्र बेगिन यांनी वसाहतींचा प्रश्न त्याच महिन्यात आपल्या संसदेपुढं मताला टाकला. आपल्याकडं गोष्ट इथंच अडते. करारावर सही करायला केंद्राला संसदेची संमती लागत नाही. बंद दार शेवटी तरी उघडेल, याची हमी नाही.

उघडेपणा टाळला की काय होतं, ते 'अ‍ॅक्टा'त दिसलं. नकली माल आणि कॉपीराइटसंबंधीच्या या कराराचा मसुदा अधिकृतपणे बाहेर आला तो एप्रिल २०१० मध्ये. तोवर संशय इतका मुरला होता की ४ जुलै २०१२ रोजी युरोपीय संसदेनं तो ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला. त्यानंतर अमेरिकेशी व्यापार करार करताना युरोपीय संघानं २०१४ मध्ये आपल्या वाटाघाटीकारांना दिलेला आदेश जाहीर केला, पुढच्या वर्षीपासून स्वतःचे प्रस्तावही. तरी तो करार झालाच नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता आपलं दुखणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराची सातवी परिषद नोव्हेंबर २०१६ मध्ये ग्रेटर नोएडात भरली. सभागृहातून प्रेक्षक-पत्रकारांना बाहेर काढलं गेलं. सिगारेट कंपन्यांचा शिरकाव नको, ही सबब खोटी नव्हती; पण कंपनीसाठी लावलेल्या कडीनं विडीच्या तंबाखूचा शेतकरीही बाहेरच राहिला. याच करारात तंबाखू पिकवणाऱ्यांसाठी पर्यायी रोजगाराला चालना देण्याचं कलम आहे. म्हणजे चर्चा ज्याच्या पोटाची, तोच दाराबाहेर.

बैलबाजारात उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरतो, पण बैल चारचौघांत उभा असतो. त्याचे दात कुणीही मोजावेत. माझं मत त्याच अंगानं जातं. सरकार कुठवर झुकणार, हा आकडा झाकलेलाच बरा. तो उघड झाला तर समोरचा तिथूनच सुरुवात करील. पण टेबलावर कोणता विषय आहे आणि सहीआधी अंतिम मजकूर काय आहे, हे मराठी-कन्नडमध्ये निपाणीत कळलंच पाहिजे.

म्हणून 'सर्व वाटाघाटी' हे शब्द काढा आणि या दोनच मागण्या ठेवा. माहिती अधिकाराचा अर्ज करणार असाल तर बैठकीतली टिपणं मागू नका. परराष्ट्र संबंधांचं कारण देऊन कलम ८(१)(क) खाली तो परत येईल. भारतानं परिषदेत अधिकृतपणे मांडलेली भूमिका मागा, आणि सार्वजनिक हिताचं कलम ८(२) अर्जातच नमूद करा.