गच्चीवरचे बटेर आणि बरणीतली अंडी : तीन ऋतूंनंतरचा अनुभव

पैसे वाचतील या आशेनं बटेर पाळायला निघाला असाल तर आधी हा हिशेब बघा. मोठा बटेर दिवसाला साधारण 25 ग्रॅम खाद्य खातो. वीस माद्यांना रोज अर्धा किलो लागतं, म्हणजे 50 किलोचं पोतं तीन महिने पुरतं. ऐन भरात वीस माद्या रोज पंधरा-सोळा अंडी देतात. अंडं 10 ते 12 ग्रॅमचं. पाच मिळून कोंबडीचं एक. अर्धा किलो खाद्य घालून हाती कोंबडीच्या तीन अंड्यांएवढा ऐवज. तेवढ्यात चार लेअर (अंड्यांसाठी पाळायच्या) कोंबड्या आरामात पोसल्या जातात, त्या तीन-चार अंडी देतात आणि सोलायला एवढा वेळ जात नाही. निव्वळ खाद्यावर कोंबडीच जिंकते.

तरीही आमच्याकडे बटेरच राहणार, कारण जागा आणि वेळ. कऱ्हाडला आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत चार फूट बाय अडीच फुटांचा पिंजरा आहे, त्यात हे सगळं बिऱ्हाड मावतं. आणि कोंबडीची पिल्लं अंड्यावर यायला पाच महिने घेतात, बटेर सहा-सात आठवड्यांत सुरू होतो.

काही जण विचारतात, हे कायद्यात बसतं का? रानातली लाव्ही, म्हणजे जंगली बटेर, पकडणं-पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार गुन्हा आहे. आपण पाळतो तो जपानी बटेर, पाळीव जात. 1974 साली तो अमेरिकेतून बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणला गेला आणि तिथून देशभर पसरला. पिल्लं हॅचरीतूनच घ्या आणि पावती मागून घ्या.

आता पिल्लांबद्दल. विकणाऱ्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘ताई, सगळ्या माद्याच देतो.’ एक दिवसाच्या बटेरात नर-मादी नुसतं बघून कुणालाच कळत नाही. तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला छातीची पिसं बोलतात: नराची छाती सरसकट तांबूस, मादीची फिकट आणि त्यावर काळे ठिपके. आमच्याकडे जवळजवळ निम्मे नर निघाले. फोन केला तर ‘पक्षी आहेत ताई, मशीन नाही’ हे उत्तर. नर नुसता खातो असं नाही, पहाटे उजाडायच्या आत कर्कश ओरडायला लागतो. खायच्या अंड्यांसाठी नर मुळीच लागत नाही. त्यामुळे थोडे जास्त पैसे मोजा, पण तीन-चार आठवड्यांची, छाती बघून निवडलेली पिल्लं घ्या. ब्रूडरची (पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीची) कटकटही वाचते.

ज्यांना लहानच आणायची आहेत त्यांच्यासाठी: पहिल्या आठवड्यात पिंजऱ्यात 35-36 अंश ऊब हवी, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. पिल्लं बल्बखाली एकावर एक चढली तर थंडी वाजतेय, कोपऱ्यात पांगून चोची उघड्या असतील तर उकडतंय. पाण्याच्या थाळीत गोट्या टाकाच. अंगठ्याएवढं पिल्लू अर्ध्या इंच पाण्यातही बुडून मरतं. खाद्याला लहानपणी 24 टक्क्यांच्या वर प्रथिनं लागतात. ब्रॉयलर प्री-स्टार्टर (मांसाच्या कोंबड्यांच्या लहान पिल्लांचं खाद्य) मिक्सरवर जरा बारीक करून चालतं. अंडी सुरू झाली की लेअरचं खाद्य आणि वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा.

पिंजऱ्याची उंची हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बटेर दचकला की सरळ वर उडतो. दोन-अडीच फूट मोकळी जागा मिळाली तर तेवढ्या वेगानं डोकं जाळीवर आपटतो आणि टाळू फुटते. दहा इंच उंची ठेवली की त्याला वेगच घेता येत नाही. जाळी अर्धा इंची, कारण त्याहून मोठ्या भोकातून उंदीर आत येतो आणि मांजराचा पंजाही. खाली ट्रे, त्यात लाकडाचा भुसा. दोन दिवस ट्रे काढला नाही तर अमोनियाचा वास खालच्या मजल्यापर्यंत येतो, हे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी नीट ध्यानात घ्यावं. बाल्कनीत पाळू नका, शेजारधर्म राहणार नाही. विष्ठा मात्र सोनं आहे. कुजवून घातली की कढीलिंब झपाटतो. कच्ची घातली तर मुळं जळतात.

उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकला की अंडी निम्म्यावर येतात. ओलं गोणपाट पिंजऱ्यावर आणि दुपारी पाणी बदलणं, याहून जास्त काही हाती नसतं. हिवाळ्यात उलट, गारठ्यानं नव्हे तर उजेड कमी पडल्यानं अंडी थांबतात. त्यांना दिवसाला 14 ते 16 तास उजेड लागतो. साधा एलईडी बल्ब टायमरवर लावला की काम भागतं. अंडी गोळा करायची वेळही कोंबडीसारखी सकाळची नाही, बहुतेक माद्या दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान देतात. प्रत्येकीच्या अंड्यावरची नक्षी ठरलेली असते. चॉकलेटी मोठे डाग देणारी एक आहे, ती थांबली की पिंजऱ्याकडे न बघताही कळतं.

(डेंग्यूत प्लेटलेट वाढतात, दमा जातो, असल्या कारणांसाठी अंडी मागायला लोक दारात येतात. अंडी देते, पण तेवढ्यासाठी खाऊ नका म्हणूनही सांगते. अंडं आहे, औषध नाही.)

रोज पंधरा अंडी चार माणसांच्या घरात संपत नाहीत, म्हणून लोणचं. इथं आमच्या घरात खरा वाद झाला. सासूबाईंच्या हातचं कैरीचं लोणचं दोन वर्षं टिकतं. त्यांचं म्हणणं, ‘अगं, मोहरी-मेथीचा मसाला भर, वर बोटभर तेल सोड, काही होत नाही.’ कैरीला ते लागू पडतं, कारण कैरी मुळात आंबट आणि वर भरपूर मीठ. उकडलेल्या अंड्यात आंबटपणा नाही, पाणी भरपूर. वरच्या तेलानं हवा तुटते, आणि बॉट्युलिझमच्या (अन्नात जंतूनं तयार केलेल्या विषानं होणाऱ्या जीवघेण्या आजाराच्या) जंतूला नेमकं तेच हवं असतं. 1997 साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एका माणसाला घरी घातलेल्या अंड्यांच्या लोणच्यातून हाच आजार झाला. त्यानं मसाला मुरावा म्हणून अंड्यांना टूथपिकनं भोकं पाडली होती आणि बरणी फ्रिजबाहेर, उन्हात ठेवली होती. भोकातून जंतू बलकापर्यंत जातो आणि आंबटपणा तिथं पोचायच्या आत वाढतो. त्यामुळे आमच्याकडे नियम ठरला: अंड्याला टोचायचं नाही, तेल नाही, बरणी पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्ये. आईंना पटलं की नाही कोण जाणे, पण त्यांच्या बरण्यांच्या फडताळात अंडी गेली नाहीत.

सोलणं हे खरं किचकट काम. ताजी अंडी अजिबात सोलली जात नाहीत, पांढरा भाग टरफलाबरोबर येतो. आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवलेली घ्या, उकळत्या पाण्यात चार मिनिटं, मग लगेच बर्फाच्या पाण्यात. एवढं करूनही हाताला कंटाळा येतो, म्हणून मी आता टरफलासकट साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवते. हे बघण्यासारखं असतं. आधी बारीक बुडबुडे सुटतात, मग वरचे चॉकलेटी डाग सैल होऊन तपकिरी साय धरल्यासारखे तरंगायला लागतात, खाली अंडं पांढरं पडतं. काही तासांनी टरफल विरघळून मऊ पापुद्रा उरतो, तो बोटानं ओढला की सबंध निघतो. हे व्हिनेगर नंतर फेकूनच द्या. टरफलातल्या चुन्यानं त्याचा आंबटपणा मारलेला असतो, लोणच्याला ते चालत नाही.

लोणच्यासाठी बाटलीवरचा टक्का वाचा. 5 टक्क्यांचं घ्या आणि त्यात पाणी घालू नका; दुकानात 4 टक्क्यांच्या बाटल्या बऱ्याच दिसतात. गोव्याहून आणलेलं माडाचं व्हिनेगर चवीला फार सुंदर, पण घरगुती असेल तर आंबटपणाचा भरवसा नाही, मी ते वापरत नाही. दोन डझन अंड्यांना अर्धा लिटर लागतं. त्यात एक चमचा मीठ, दोन चमचे साखर, मिरे, लवंग, थोडी मोहरी, दोन संकेश्वरी मिरच्या, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या. स्टीलच्या पातेल्यात पाच मिनिटं उकळायचं, ॲल्युमिनियम आणि पितळ नको. उकळत्या पाण्यातून काढलेल्या काचेच्या बरणीत अंडी घालून वरून गरम ओतायचं, अंडी पूर्ण बुडली पाहिजेत. लसूण कधीकधी निळसर-हिरवा होतो, घाबरू नका, आंबटपणानं होतं. पत्र्याचं झाकण गंजतं, प्लॅस्टिकचं बघा.

पहिल्या आठवड्यात उघडलंत तर नुसतं आंबट लागेल. दोन आठवड्यांनी मिरचीचा झणका आतपर्यंत येतो, पांढरा भाग घट्ट होतो. भाकरी-पिठल्याबरोबर मला आवडतं. मुलांना बीटाची चकती घातलेली गुलाबी बरणीच हवी असते. तीन महिन्यांत संपवा, आमच्याकडे तितकी टिकतच नाहीत.

माद्यांचा जोर वर्षभरानं ओसरतो, आणि या अंड्यावर स्वतः बसत नाहीत, त्यामुळे पुढची पिढी हवी तर इनक्युबेटर घ्या (17-18 दिवसांत फुटतात) किंवा पुन्हा विकत आणा. आम्ही विकतच आणणार आहोत, या वेळी छाती बघून.