खोक्यावरचा पेंग्विन की आतली चिप?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपवला आणि लातूरच्या अभ्यासिकांमधले जुने संगणक लिनक्स मिंट या फुकट प्रणालीवर न्यायचं काम माझ्याकडे वाढलं. संगणक तोच राहतो, पण वायफाय डोंगल (यूएसबीला खोचायचं छोटं वायफाय यंत्र) किंवा प्रिंटर नवा लागला की प्रश्न येतोच: खोक्यावर 'लिनक्स' छापलेला घ्यावा की नाही छापलं तरी चालेल?

औशाच्या एका अभ्यासिकेसाठी सहा डोंगल घेतले, तेव्हा मीही खोकं बघूनच घेतले. दुकानदार म्हणाला, "सर, खोक्यावरच लिवलंय की." लिहिलं होतंच. मागच्या बाजूला, भिंग लावावं अशा अक्षरांत: लिनक्स कर्नल २.६ ते ३.१०. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. ड्रायव्हर, म्हणजे डोंगल चालवणारा प्रोग्राम, छोट्या सीडीवर, आणि तिथल्या एकाही संगणकाला सीडी ड्राइव्ह नाही. मिंट २२ चा कर्नल ६.८. जालावरून कुणीतरी दुरुस्त केलेला ड्रायव्हर शोधला, त्या कर्नलपुरता तयार (कंपाइल) केला, डोंगल चालू झाले. पुढच्या अपडेटमध्ये कर्नल बदलला आणि सहाच्या सहा मुके. परीक्षा तोंडावर आलेली पोरं माझ्याकडे कशी बघत होती ते सांगत नाही.

त्या छापील ओळीचा खरा अर्थ एवढाच, की कंपनीने कधीतरी कुठल्यातरी कर्नलवर ड्रायव्हर चालवून पाहिला होता. ३.० कर्नल जुलै २०११ चा, ४.० एप्रिल २०१५ चा. म्हणजे खोक्यावर '३.१०' दिसलं की माल कालचा असला तरी तो मजकूर त्या काळातला. तरीही नुसता पेंग्विन (लिनक्सचं चिन्ह) किंवा नुसता 'लिनक्स' शब्द यापेक्षा मला आकडे छापलेलं खोकं बरं वाटतं. निदान किती शिळं आहे ते तरी कळतं.

याच्या उलट, लिनक्सचं नावही नसलेलं पण आत एमटी७६०१यू चिप असलेलं स्वस्त डोंगल लावताक्षणी चालतं. त्याचा ड्रायव्हर ४.२ पासून कर्नलमध्येच आहे, त्यामुळे कर्नल बदलला की तोही सोबत येतो. वेग बेताचा, पण अर्ज भरायला आणि उत्तरपत्रिका उतरवायला पुरतो. दोन्हींत निवडायचं तर मी डोळे झाकून हाच घेईन.

फक्त मॉडेलच्या नावावर जाऊ नका. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या एकाच नावाखाली पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथरॉसची एआर९२७१ चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची. नाव तेच, आतला कारभार वेगळा. मागच्या स्टिकरवरचं व्ही१, व्ही२ आधी वाचा, मग पैसे काढा.

प्रिंटरचं गणित उलटं. तिथे मी लिनक्स हा शब्द शोधतच नाही, एअरप्रिंटचं चिन्ह शोधतो. ते अ‍ॅपलच्या फोनसाठी असतं, पण लिनक्सची कप्स ही छपाई व्यवस्था असा प्रिंटर नेटवर्कवरून वेगळ्या ड्रायव्हरविना ओळखते. झेरॉक्सच्या दुकानात दिसणारा कॅननचा एलबीपी२९०० असा नाही. त्याला कॅननचा कॅप्ट हा वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो. एचपीचा लेझरजेट १०२० तर वीज गेली की स्वतःचं फर्मवेअर (यंत्राच्या आतला प्रोग्राम) विसरतो आणि दर वेळी संगणकाकडून पुन्हा मागतो. जिथे दिवसातून दोनदा लाइट जाते तिथे तो घेताना विचार करा. जुना फुकट मिळाला तर गोष्ट वेगळी.

वेबकॅमवर यूव्हीसी (यूएसबी कॅमेऱ्यांचं सामाईक मानक, वेगळा ड्रायव्हर लागत नाही) लिहिलं असेल तर पुढे वाचायची गरज नाही.

लॅपटॉपवर 'डॉस' लिहिलेलं म्हणजे लिनक्सला चालणारा, असा समज आपल्याकडे पक्का आहे. त्याचा अर्थ एवढाच, की विंडोजचे पैसे लावलेले नाहीत. वायफाय किंवा टचपॅड चालेल की नाही याबद्दल तो शब्द काहीच बोलत नाही. इथे मात्र एक शिक्का खरा कामाचा: उबुंटू सर्टिफाइड. उबुंटू ही लिनक्सचीच एक प्रणाली, ती बनवणारी कॅनॉनिकल कंपनी ठरावीक मॉडेल प्रत्यक्ष तपासून यादी ठेवते. पण यादीतलं पूर्ण नाव आणि दुकानातलं पूर्ण नाव अक्षराला अक्षर जुळवा. काही मॉडेलची तपासणी कंपनीने आधीच भरून दिलेल्या उबुंटूवर झालेली असते, तेही तिथे लिहिलेलं असतं. डोंगलसारख्या पाच-सातशेच्या वस्तूला असा शिक्का मिळण्याची वाट बघत बसू नका.

औशाच्या त्या सहांपैकी चार संगणकांना मी शेवटी सरळ केबल ओढली. आता खरेदीला जाताना मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून काही न बसवता मिंट चालू होतं) खिशात असतो. दुकानातल्याच लॅपटॉपला लावायचा, डोंगल खोचायचं आणि वायफायची नावं दिसतात का बघायचं. दोन मिनिटांचं काम. दुकानदार आधी कुरकुरला, आता येणाऱ्या प्रत्येक नव्या लॉटमधलं एक खोकं माझ्यासाठी फोडूनच ठेवतो.