पत्र्याची फटफट बोट: दिवाळीपासून वापरतोय, आता सविस्तर लिहिते

आठवणीपोटी मागवलेल्या वस्तूला लोक पार्सल फोडल्या फोडल्या पाच स्टार देऊन मोकळे होतात, म्हणून मी मुद्दाम थांबले. दिवाळीच्या सुट्टीत दोन बोटी मागवल्या होत्या, आता पाऊस सुरू झालाय, मधे उन्हाळ्याची अख्खी सुट्टी त्या परातीत फिरल्या. एक मधे बिघडली (कशी ते पुढे), दुसरी अजून धडधाकट चालू आहे.

ज्यांनी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी सांगते, ही हाताच्या पंजाएवढी टिनच्या पत्र्याची बोट असते, मधल्या छपराखाली एक चपटी डबी, डबीच्या वरच्या बाजूला पितळेचा एकदम पातळ पत्रा, आणि डबीतून दोन बारीक नळ्या निघून मागे पाण्यात उतरतात. नळ्यांतून पाणी भरायचं, डबीखाली छोटीशी वात पेटवून सरकवायची, मिनिटभरात फट्फट्फट् करत स्वारी निघते. बॅटरी नाही, चावी नाही, पंखा नाही, फिरणारा एक पण भाग नाही. कल्पना खूप जुनी आहे, थॉमस पियो नावाच्या फ्रेंच माणसाने १८९१ साली ब्रिटनमध्ये पेटंट घेतलं होतं, आणि हा आवाज करणारा पातळ पत्र्याचा प्रकार नंतर १९१५ च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स मॅकह्यूने काढला. म्हणजे माझ्या आजोबांच्या लहानपणीसुद्धा ही असणार, आणि मी मात्र कायम समजत होते की हे आपल्या यात्रेतल्याच कुणाचं तरी डोकं.

आमच्याकडं ही पुसेगावच्या यात्रेत मिळायची. खटाव तालुक्यातलं पुसेगाव, सेवागिरी महाराजांची यात्रा, डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत भरते, रथाला नोटांच्या माळा घालतात त्याचे फोटो पेपरात येतातच. मोठी माणसं बैलबाजारात आणि आम्ही पोरं खेळण्यांच्या पालांपुढं. बोटवाला मोठ्या घमेल्यात पाणी घेऊन बसलेला, त्यात तीन-चार बोटी एकमेकींना न धडकता गोल गोल फिरतायत (धडकत असणारच, पण मला न धडकताच आठवतात), रॉकेलचा वास, शेजारी भजी तळायचा वास, आणि तो एका हातानं पैसे घेत दुसऱ्या हातानं बोट उचलून पाणी झटकून कागदात गुंडाळून द्यायचा. घरी आणली की ती बोट चालायची नाही. एकदा पण नाही! मी, माझा चुलतभाऊ, शेजारची दोन पोरं, सगळ्यांची हीच कथा, दोन दिवस वाती पेटवायच्या, हात भाजून घ्यायचे, आईचा मार खायचा आणि मग ती बोट नुसती हातानं ढकलायची. मोठ्यांचा निकाल ठरलेला, 'फसवलं त्यानं, यात्रेतला माल असाच.'

तर या सहा-सात महिन्यांत मला सगळ्यात महत्त्वाचं हे कळलं की तो माणूस फसवत नव्हता. त्याच्या घमेल्यातल्या बोटी पाणी भरून तयार असायच्या आणि देताना तो पाणी झटकून द्यायचा, परत भरायचं कसं ते कुणी विचारलं नाही आणि गर्दीत त्यानं सांगितलं नाही. आम्ही बोट पाण्यात बुडवून काढायचो आणि समजायचो भरली. तसं भरत नाही, नळ्या बारीक असतात, आत हवा अडकून बसते.

मग भरायची कशी? बोट उलटी धरायची, नळ्यांची तोंडं वर. औषधाच्या बाटलीबरोबर येतो तो ड्रॉपर घ्यायचा, एका नळीला घट्ट लावून हळू पाणी सोडायचं, दुसऱ्या नळीतून पाणी बाहेर यायला लागलं आणि त्यात बुडबुडा दिसेना की भरली. दोन नळ्या यासाठीच असतात, चालायला खरं तर एक पण पुरते, दुसरी हवा बाहेर जायला. मग दोन्ही तोंडांवर बोट दाबून बोट सुलटी करायची (इथं बोटानं बोट असा घोळ होतो, घरात यावर भरपूर पांचट विनोद झालेत) आणि पाण्यात ठेवूनच हात काढायचा. एवढं केलं की शंभरातली नव्वद कटकट संपली. पाकिटात सूचनांचा कागद होता, त्यावर इंग्रजीत चार ओळी आणि त्यात हे सोडून सगळं होतं.

वातीचं पण सांगते. सोबत पत्र्याची पन्हाळीसारखी छोटी पट्टी येते, तिच्यात तेलात भिजवलेली वात ठेवा म्हणतात. गोडेतेलानं चालते पण काजळी इतकी धरते की पांढऱ्या छपराची चूल होते. आम्ही वाढदिवसाच्या केकवरच्या बारीक मेणबत्त्यांचे तुकडे वापरतो, ते झकास. ज्योत लहानच हवी, मोठ्या ज्योतीनं जोरात पळेल असं वाटतं पण उलट होतं, आतलं पाणी उडून जातं आणि बोट गप्प बसते. पाणी फिल्टरचं भरा, आमच्या सोसायटीचं बोअरचं पाणी भरलं तर क्षार बसतात आणि नळ्या आधीच काडीएवढ्या.

चालते कशी त्यावर माझी मुलगी (चौथीत आहे) जो प्रश्न घेऊन बसली तो मला लहानपणी पडलाच नव्हता, कारण आमची चाललीच नाही ना! डबीत पाण्याची वाफ होते, वाफ नळीतलं पाणी मागे ढकलते, बोट पुढे सरकते, इथपर्यंत तिला पटलं. मग ती वाफ नळीच्या गार भागात आली की निवून तिचं परत पाणी होतं, आतला दाब कमी होतो आणि बाहेरचं पाणी नळीतून परत आत ओढलं जातं, की पुन्हा वाफ. हे सेकंदाला कितीतरी वेळा चालतं, आणि पितळी पत्रा प्रत्येक वेळी फुगतो-बसतो तोच तो फटफट आवाज. तर ती म्हणाली, "मग आई, पाणी आत येताना बोट मागे यायला पाहिजे ना, जागच्या जागीच हलेल की." मी म्हटलं थांब बघून सांगते. दोन दिवस वाचल्यावर जे उत्तर पटलं ते असं की मेणबत्तीवर फुंकर मारली तर विझते, तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढला तर ज्योत हलत पण नाही. बाहेर पडणारं पाणी एकाच दिशेनं धार धरून जातं, आत येणारं चारी बाजूंनी गोळा होऊन येतं, म्हणून पुढचा धक्का जास्त पडतो. तिनं ते तसंच मान्य केलं नाही, पेनातल्या शाईचा थेंब नळ्यांच्या मागे सोडून बघितला, शाई सरळ मागे रेघ मारत गेली तेव्हा गप्प झाली. परात मात्र दोन दिवस निळी होती.

बोटीबरोबर त्याच लाटेत आणखी वस्तू आल्या होत्या, त्यांचं थोडक्यात. लाकडी भोवरा चांगला निघाला, वजन बरोबर आहे, आर (खालचा खिळा) जरा तिरकी ठोकलीय पण घासून चालतो, जाळी (गुंडाळायची दोरी) मात्र नायलॉनची दिलीय, ती निसटते, फेकून द्या आणि सुती आणा. फरशीवर ओरखडे पडतात म्हणून पार्किंगमध्येच खेळायचं असा नियम आहे. नवऱ्याला अजून हातजाळी (भोवरा वरच्या वर हातावर घ्यायची करामत) येते आणि हे त्यानं सोसायटीतल्या प्रत्येक पोराला किमान एकदा दाखवलेलं आहे. दाबला की टिकटिक वाजणारा पत्र्याचा बेडूक, तो घेऊ नका. खरंच घेऊ नका, घरात दुसरं माणूस राहत असेल तर.

आता तक्रारी. पहिली म्हणजे पत्र्याच्या कडा. नीट दुमडलेल्या नाहीत, आम्ही पॉलिश पेपरनं घासल्या. रंग दुसऱ्या महिन्यात छपरावरून सोलायला लागला, आणि खाली दुसऱ्याच कसल्या तरी डब्याची छपाई निघाली, मुलीला ती रंगापेक्षा जास्त आवडली. जोडांवर गंज येतो, वापरून झालं की नळीतून फुंकून पाणी काढायचं आणि उन्हात ठेवायची, नाहीतर पावसाळा काढणार नाही ती.

दुसरी तक्रार गंभीर आहे. जोड झाळलेले (सोल्डर केलेले) आहेत, आणि यात्रेतल्या स्वस्त मालात झाळ बहुतेक कथील-शिशाची असते, रंग कसला वापरलाय ते लिहिलेलं नाही. म्हणून आमच्याकडे खेळून झालं की साबणानं हात धुवायचे, ती परात जेवणाच्या कामाला घ्यायची नाही, आणि सगळं तोंडात घालणाऱ्या वयाच्या पोरांच्या हातात तर अजिबातच द्यायची नाही. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, नोंदणी असलेल्या हस्तकला कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, ते ठीकच आहे, पण माझ्या पाकिटावर ना मार्क, ना कारागिराचं नाव, ना गावाचं. विकणाऱ्याला मेसेज केला तर 'हँडमेड प्रॉडक्ट मॅम' एवढंच उत्तर आलं. हाताने केलंय तर कुणाच्या हाताने ते सांगायला काय जातं!

बिघडलेल्या बोटीचं असं झालं की गुढीपाडव्याला पाहुणे होते, मेणबत्त्या संपलेल्या, तर नवऱ्यानं कापराच्या दोन वड्या लावल्या. बोट जी सुटली ती सगळे ओरडायलाच लागले, मोटरबोट मोटरबोट म्हणून, आणि मग आवाज बंद आणि एक नळी निखळून खाली. कथील-शिशाची झाळ साधारण १८३ अंशाला वितळते, डबीत पाणी असेपर्यंत तापमान शंभराच्या आसपास राहतं म्हणून जोड टिकतो, डबी कोरडी पडली की संपलं. अण्णांनी (माझे वडील, आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले) सोल्डरिंग गन काढून नळी परत जोडून दिली, चष्मा दोनदा बदलून, "पुसेगावची तरी बरी होती" असं म्हणत. मी म्हटलं अण्णा ती चाललीच नव्हती. ते म्हणाले, "चालली नव्हती तेच बरं होतं." दुरुस्त केलेली बोट चालते पण नळी वाकडी बसल्यामुळे फक्त डावीकडे गोल फिरते, सुकाणू वाकवून बघितलं, फरक नाही.

आवाजाबद्दल, कारण याच्यासाठीच अर्धे लोक घेतात. पंखा चालू असेल तर नीट ऐकू येत नाही. आठवणीत तो यात्रेच्या गोंगाटात पण ऐकू यायचा, बहुतेक चार बोटी एकदम चालायच्या म्हणून असेल, किंवा मी घमेल्यावर एवढी वाकलेली असायचे. रात्री सगळं शांत असताना लावली की मस्त वाटतं, अण्णा आले की जेवणानंतर तेच लावायला सांगतात.

पैसे वसूल का? अडीचशेच्या आत दोन आल्या, त्या मानानं हो. मुलगी रोज खेळते का, तर नाही, महिन्यातून दोनदा-तीनदा निघते, पण निघाली की दोन तास कुणी उठत नाही. पोराच्या हातात देऊन आपण मोबाईल बघू म्हणणाऱ्यांनी घेऊ नये, आग आहे, बसावं लागतं. खेळणं म्हणून साडेतीन स्टार देईन, सूचनांच्या कागदाला शून्य. आणि पार्सल आल्या आल्या आधी नळ्या सरळ आहेत का ते बघा, वाकड्या असतील तर लगेच परत पाठवा, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, अण्णा सगळ्यांच्या घरी नसतात.