कॉम्बॅट मिशन नॉर्मंडी: रणगाडा मला दिसतोय, माझ्या पोरांना नाही

परवा रात्री साडेबाराला दुसऱ्या महायुद्धावरचा हा कॉम्प्युटर गेम खेळताना मी स्क्रीनकडं बघून ओरडलो, अरे समोर बघ ना, समोर! आतल्या खोलीतून आई म्हणाली, "कुणाशी बोलतोयस रे एवढ्या रात्री?" आता तिला काय सांगणार, शेरमन या अमेरिकन टँकमधल्या पाच जणांशी बोलतोय म्हणून.

झालं होतं असं. माझी दोन माणसांची बाझुका टीम, म्हणजे खांद्यावरून टँकवर रॉकेट मारणारे, बांधाला चिकटून बसली होती आणि तिला पलीकडच्या शेतात जर्मन पँथर दिसला, एकदम क्लिअर, पूर्ण टँक. माझा शेरमन तिथून चाळीस मीटरवर. म्हटलं चला, कूस दिसतेय, हाणू. शेरमनवर क्लिक केलं आणि पँथर गायब! बाझुकावर क्लिक केलं की परत हजर. मला पहिल्यांदा वाटलं बग आहे. बग नाही भावांनो, कॉम्बॅट मिशन: बॅटल फॉर नॉर्मंडी घ्यायचं खरं कारणच हे आहे.

याला रिलेटिव्ह स्पॉटिंग म्हणतात. ज्या युनिटवर क्लिक कराल त्याला जे दिसतंय किंवा कळलंय तेवढंच तुम्हाला दिसणार. २००० सालच्या पहिल्या कॉम्बॅट मिशनमध्ये असं नव्हतं, एकाला शत्रू दिसला की सगळ्या सैन्याला दिसला, स्टील पँथर्ससारख्या जुन्या गेममध्येही तेच, जणू सगळ्यांच्या डोक्यात एकच वायर. याच मालिकेतल्या २००७ च्या शॉक फोर्सपासून नवीन इंजिन आलं आणि हा प्रकार सुरू झाला, नॉर्मंडी २०११ चा. ग्राफिक्सही त्याच काळातले दिसतात, ते मान्य करूनच घ्या.

मग शेरमनला कळणार कसं? तर कुणीतरी सांगायला पाहिजे. खबर ओरडून जाते, हातवारे दिसून जाते, रेडिओवरून जाते, वरच्या ऑफिसरकडं जाऊन परत खाली येते आणि त्याला वेळ लागतो. मी प्लाटूनचा एचक्यू, म्हणजे ऑफिसरची टीम, धावत टँकजवळ नेला, एका टर्नमध्ये काही नाही, दुसऱ्या टर्नमध्ये शेरमनच्या नजरेत पँथरच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह उगवलं. म्हणजे "तिकडं काहीतरी आहे बरं का" एवढंच. पण ते प्रश्नचिन्ह असलं की क्रू तिकडं जास्त लक्ष देतो आणि खरा शत्रू लवकर सापडतो. एक टर्न म्हणजे साठ सेकंद, दोन्ही बाजूंच्या ऑर्डर एकदम चालतात आणि त्या मिनिटात तुम्ही काहीही करू शकत नाही, फक्त बघायचं. वाईट साठ सेकंद असतात ते.

त्यात फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा बोकाज, म्हणजे झाडीचे बांध. आपल्याकडं शेताच्या बांधावर घाणेरी माजलेली असते ना, तोच बांध माणसाच्या उंचीचा करा, त्यावर दाट झाडी लावा आणि प्रत्येक शेताला चारी बाजूंनी तो घाला. १९४४ मध्ये अमेरिकन टँक त्यावर चढायला लागले की पोट उघडं पडायचं, म्हणून शेवटी पुढं लोखंडी दात लावून बांध फोडायला लागले. गेममध्ये तसे दातवाले शेरमन आहेत, ते नसतील तर फट शोधा नाहीतर इंजिनिअर लोकांकडून स्फोट करून वाट काढा.

लाइन ऑफ साइट, म्हणजे इथून तिथलं दिसतं का, हे चेक करायला टार्गेटची रेघ ओढायची. जमीन आठ बाय आठ मीटरच्या चौकोनांत विभागलेली आहे आणि रेघ त्या चौकोनाच्या हिशोबानं हो-नाही सांगते, पण माणसाला माणूस दिसतो का हे वेगळं मोजलं जातं, त्यामुळं रेघ "नाही" म्हणाली तरी कधीकधी गोळी येतेच. एक गोष्ट मी महिनाभर चुकत होतो: झाडं मध्ये येतात म्हणून ऑल्ट आणि टी दाबून लपवायची आणि मग म्हणायचं वा, काय मोकळं मैदान आहे. अरे, झाडं फक्त तुमच्या डोळ्यांपुरती गेलीत, सैनिकांसमोर ती तशीच उभी! आता मी आधी १ दाबतो, कॅमेरा जमिनीलगत येतो, मग कळतं की वरून सपाट वाटलेल्या शेताच्या मध्यात एवढासा उंचवटा आहे आणि त्यामागं अख्खी कंपनी झोपू शकते. आणि वेपॉइंट, म्हणजे युनिटला जायला सांगितलेली जागा, सिलेक्ट करूनही रेघ ओढता येते, म्हणजे जायच्या आधीच तिथून काय दिसेल याचा अंदाज. हे नवीन लोकांना कुणी सांगत नाही.

खटकलेल्या गोष्टीही सांगतो. एका जागेवरून काय काय दिसतं ते रंगवून दाखवणारा नकाशा यात नाही, रेघा ओढत बसा, मोठ्या लढाईत वैताग येतो. आणि रिलेटिव्ह स्पॉटिंगला एक पळवाट आहे: टँकला शत्रू दिसत नसला तरी तुम्हाला माहितीये ना, मग त्या झाडीवर नुसता एरिया फायर द्या, म्हणजे शत्रूवर नाही, जागेवर मारा, टँक निमूट मारतो. मी आणि माझा पीबीईएमवाला (ईमेलवरून टर्न पाठवून खेळणारा) दोस्त आपसात नियम करून खेळतो, प्रश्नचिन्ह नसेल तर मारायचं नाही. आयर्न या अवघड लेव्हलवर तर आपलीच माणसं एकमेकांना दिसायची बंद होतात, ते एकदा करून बघा, नंतर शिव्या द्या.

तर पँथरचं काय झालं. प्रश्नचिन्ह आलं, तरी शेरमनला दिसेना, कारण हॅच, म्हणजे टँकचं वरचं झाकण, बंद. बंद टँक म्हणजे आंधळी कोशिंबीर. उघडायला लावलं, कमांडरनं डोकं बाहेर काढलं आणि दहा सेकंदांत कुठूनतरी एमजी ४२ या जर्मन मशीनगनची फैर आली, कमांडर गेला, शेरमन घाबरून मागं. शेवटी बाझुकावाल्यांनीच काम केलं, पहिला रॉकेट वरून गेला, दुसरा कुशीत बसला, पँथर पेटला.

लढाई संपल्यावर गेम सगळा नकाशा उघडा करून दाखवतो, कोण कुठं होतं ते. ती मशीनगन सापडली. उजवीकडच्या बांधाच्या कोपऱ्यात, सुरुवातीपासून तिथंच. पाचव्या मिनिटाला मी अख्खं स्क्वाड तिच्यासमोरून पंचवीस मीटरवरून पळवत नेलं होतं, त्यातल्या एकालाही ती दिसली नव्हती आणि तिनंही तेव्हा एक गोळी झाडली नव्हती.